जुनी स्पोर्ट्स कार, पासष्ट हजार रुपये आणि चार टायर : सोलापुरातील एक प्रकरण अभ्यास

ऑगस्ट 2025 च्या शेवटच्या आठवड्यात माझा एक माजी विद्यार्थी त्याची गाडी घेऊन घरी आला. मी सोलापुरातील एका तंत्रनिकेतनात अनेक वर्षे ऑटोमोबाइल अभियांत्रिकी शिकवली आणि निवृत्तीनंतरही गाडीचे काही दुखणे निघाले की जुनी मुले हक्काने दार वाजवतात, याचे मला समाधान वाटते. या मुलाचा अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत वडिलांबरोबर टेरी टॉवेलचा कारखाना आहे. दीड वर्षापूर्वी त्याने घरच्यांकडून एक रुपयाही न घेता, स्वतःच्या बचतीतून पुण्याहून 2016 सालची ऑडी टीटी विकत घेतली. दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, 230 अश्वशक्ती, 370 न्यूटन-मीटर टॉर्क आणि चारही चाकांना ताकद देणारी क्वाट्रो यंत्रणा असलेली ही गाडी नवी असताना साठ लाखांच्या घरात होती. जुनी झाल्यावर गाडीची किंमत निम्म्याखाली येते, पण तिचे टायर, ब्रेक आणि सुटे भाग साठ लाखांच्या गाडीचेच राहतात, आणि जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्या प्रत्येकाची खरी ओढाताण तिथून सुरू होते.

त्याची तक्रार थोडक्यात अशी होती. पुण्याहून परत येताना मोहोळच्या अलीकडे जोराचा पाऊस लागला, पुढच्या ट्रकने अचानक वेग कमी केला आणि याने ब्रेक दाबताच गाडीची मागची बाजू डावीकडे सरकली. स्थिरता यंत्रणेचा दिवा लुकलुकला, गाडी सावरली, कोणाला काही झाले नाही. त्यावरून त्याने अनुमान काढले की पुढचे टायर झिजल्यामुळे हे घडले. त्याच्याकडे टायरसाठी बाजूला ठेवलेले पासष्ट हजार रुपये होते. त्यातले पंचेचाळीस हजार घालून पुढचे दोन टायर बाजारातले सर्वोत्तम घ्यावेत आणि मागचे दोन पुढच्या वर्षी बदलावेत, असा त्याचा बेत होता. "मागच्यांची नक्षी अजून चांगली आहे की, सर," असे तो म्हणाला. त्यात चूक काहीच नव्हती, कारण मागच्या टायरची नक्षी खरोखरच चांगली होती.

मात्र सरकली होती ती मागची बाजू, आणि म्हणून मी तपासणी मागून सुरू केली.

टायरवर काय लिहिलेले असते आणि काय नसते

टायरच्या बाजूच्या भिंतीवर डीओटी या अक्षरांनी सुरू होणारी एक ओळ असते आणि तिच्या शेवटी लंबगोल चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आकडे आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष. पूर्ण ओळ बहुधा एकाच बाजूला असते आणि ती नेमकी गाडीच्या आतल्या बाजूला आलेली असली तर वाकून, विजेरी लावूनच वाचावी लागते. मागच्या दोन टायरांवर 3617 असे आकडे निघाले, म्हणजे ते 2017 सालच्या छत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेले होते आणि आठ वर्षांचे व्हायला आले होते. पुढच्या दोन टायरांवर 1120 होते, म्हणजे मार्च 2020. आधीच्या मालकाने गाडी फार चालवली नव्हती. पुण्यातल्या एका इमारतीच्या उघड्या वाहनतळावर ती उन्हात उभी असे, असे मागाहून कळले.

खोली मोजण्याच्या काट्याने प्रत्येक टायर आतून, मधून आणि बाहेरून अशा तीन ठिकाणी मोजला. मागच्या टायरांची नक्षी सरासरी 5.6 मिलिमीटर भरली. पुढच्यांची मध्यभागी 3.4 होती, पण आतल्या कडेला 2.3 च होती. ही आतली कड उभ्याने पाहणाऱ्याला दिसत नाही, तिथे बोटच घालावे लागते. चाकांची टो, म्हणजे वरून पाहताना चाके आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बिघडली की टायर असाच आतून खरवडला जातो, तेव्हा अलाइनमेंटचा खर्च या हिशेबात धरावा लागणार हे तिथेच ठरले. नक्षीच्या खाचांच्या तळाशी ठरावीक अंतरावर छोटे उंचवटे असतात, ते 1.6 मिलिमीटरवर पृष्ठभागाशी समतल होतात आणि टायर संपल्याची खूण देतात. कायदा त्या खुणेपर्यंत थांबतो, पण पावसातल्या रस्त्यावर रुंद टायरची पकड त्याच्या बरीच आधी ढासळते.

मग मी ड्युरोमीटर आणला. रबर किती कडक आहे हे मोजणारे हे छोटे उपकरण मी नोकरीत असताना स्वतःच्या पैशाने घेतले होते, आणि या एका प्रकरणात त्याची सगळी किंमत वसूल झाली असे मला वाटते. पुढच्या टायरवर शोर ए मापनात 71 आकडा आला. मागच्यांवर 79 ते 80. रस्त्यासाठीच्या चांगल्या उन्हाळी स्पोर्ट्स टायरचे नवे रबर साधारण पासष्ट ते सत्तरच्या दरम्यान असते. रबरातील तेले उडून जाणे, उष्णतेने आणि ऑक्सिजनने रबराच्या साखळ्या आणखी घट्ट बांधल्या जाणे, ओझोनमुळे बाजूच्या भिंतीला केसासारख्या भेगा पडणे, या सगळ्या गोष्टी गाडी उभी असली तरी चालूच राहतात आणि उन्हात वेगाने चालतात. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 42-43 अंशांवर जाणे नेहमीचे आहे आणि त्या वेळी काळ्या डांबराचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेला असतो. मागच्या टायरच्या भिंतीवर अंगठ्याने दाब देऊन पाहिले तेव्हा खाचांच्या मुळाशी बारीक भेगांची जाळी उघडी झाली. मी त्याला जवळ बोलावून त्या दाखवल्या आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

या प्रकरणातील मुख्य निष्कर्ष इथेच निघाला. ज्या जोडीची नक्षी जास्त शिल्लक होती, तीच जोडी अधिक धोक्याची होती. नक्षी पाणी बाहेर काढते, पण रस्त्याला धरून ठेवण्याचे काम रबराचे असते, आणि कडक झालेले रबर डांबराच्या सूक्ष्म उंचसखलपणात शिरत नाही. ब्रेक दाबल्यावर वजन पुढे सरकते, मागची चाके हलकी होतात, त्यात त्यांचे रबर लाकडासारखे झालेले असेल तर मागची बाजू सरकणारच. पुढे दोन उत्कृष्ट टायर घातले असते तर पुढची आणि मागची पकड यांतली दरी वाढली असती आणि गाडी आणखी फिरली असती. दोन चाकांना ताकद असलेल्या साध्या गाडीतही दोनच नवे टायर घ्यायचे झाले तर नवी जोडी मागे लावावी, असे टायर कंपन्या सांगतात, ते याच कारणासाठी. आपल्याकडे मात्र "स्टिअरिंग पुढे आहे, म्हणून चांगले टायर पुढे" हा समज इतका घट्ट आहे की अनुभवी गॅरेजवालेही तसेच करतात. हे बदलले पाहिजे, असे मी वर्गात दरवर्षी सांगत आलो.

चारही चाकांच्या गाडीचा हिशेब

दोन की चार या प्रश्नाला या गाडीत दुसरीही एक बाजू होती. टीटीमध्ये इंजिन आडवे बसवलेले असते, ताकद प्रामुख्याने पुढच्या चाकांना जाते आणि मागच्या धुऱ्याजवळचा, तेलात बुडालेल्या चकत्यांचा एक क्लच गरजेप्रमाणे मागच्या चाकांना जोडून घेतो. पुढच्या आणि मागच्या टायरचा घेर वेगळा असला तर हा क्लच तो फरक सतत घसरून पचवतो.

तो फरक किती, हे त्याला कागदावर करून दाखवले. या गाडीच्या टायरचा आकार 245/40 आर 18, याचा अर्थ 245 मिलिमीटर रुंदी, त्याच्या 40 टक्के म्हणजे 98 मिलिमीटर बाजूची भिंत आणि 18 इंचांची, म्हणजे 457 मिलिमीटरची रिम. एकूण व्यास सुमारे 653 मिलिमीटर आणि घेर सुमारे 2.05 मीटर. नव्या टायरची नक्षी 8 मिलिमीटर धरली आणि मागे 5.6 मिलिमीटरचे जुने टायर ठेवले, तर त्रिज्येत 2.4 आणि घेरात सुमारे 15 मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे मागचे चाक प्रत्येक किलोमीटरला पुढच्यापेक्षा साडेतीन फेऱ्या जास्त फिरणार, म्हणजे सोलापूर ते पुणे या अडीचशे किलोमीटरमध्ये जवळजवळ नऊशे फेऱ्या. हा ढोबळ हिशेब आहे, भाराखाली टायर थोडा दबतो हे त्यात धरलेले नाही.

प्रामाणिकपणे सांगायचे तर हा फरक काठावरचा होता. एवढ्याने क्लच लगेच जळतो असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरले असते, आणि भीती घालून चार टायर विकण्याची जी पद्धत बाजारात आहे ती मला मान्य नाही. मागचे टायर दोन वर्षांचे असते तर मी कदाचित दोनच घेऊन बाकीच्यांचा विचार नंतर कर, असे सांगितले असते. पण वयाचा दोष आणि घेराचा फरक एकाच दिशेने बोट दाखवत होते. चारही टायर एकदम, एकाच बनावटीचे आणि शक्य तितक्या जवळच्या तारखेचे घ्यायचे, हे ठरले. प्रश्न उरला तो पैशांचा.

पासष्ट हजारांत काय बसते

सात रस्त्याजवळच्या एका टायर दुकानात, हॉटगी रस्त्यावरच्या दुसऱ्या दुकानात आणि फोनवरून पुण्यातल्या दोन ठिकाणी भाव काढले. कंपन्यांची नावे मी मुद्दाम देत नाही, कारण भाव दर महिन्याला हलतात आणि वाचकाने नावापेक्षा पद्धत घ्यावी असे मला वाटते. या आकारात वरच्या प्रतीचा स्पोर्ट्स टायर साडेबावीस हजारांना एक होता, म्हणजे चारांचे नव्वद हजार. मधल्या प्रतीचा, पण स्पष्टपणे स्पोर्ट्स गाडीसाठीच बनवलेला उन्हाळी टायर 15,800 रुपयांना. आरामदायी प्रवासाच्या वर्गातला, व्ही गतिश्रेणीचा, म्हणजे ताशी 240 किलोमीटरपर्यंतच्या वेगासाठीचा टायर साडेअकरा हजारांना. आणि पुण्यातल्या एका व्यापाऱ्याकडे परदेशातून आलेले, सहा मिलिमीटर नक्षी शिल्लक असलेले, वरच्या प्रतीचे वापरलेले टायर सात हजारांना एक.

वापरलेल्या टायरांचा मोह सर्वांत मोठा होता, कारण अठ्ठावीस हजारांत चार नामांकित टायर मिळत होते. नमुन्याला एक टायर बसने मागवून घेतला. वरून तो अगदी स्वच्छ, काळ्या पॉलिशने चकाकत होता. आतून हात फिरवला तेव्हा खांद्याजवळ, म्हणजे नक्षी संपून बाजूची भिंत सुरू होते तिथे, एक गुळगुळीत चकती लागली. त्या भागात टायर प्रत्येक फेरीला वाकतो आणि तिथले पंक्चर दुरुस्त करून वापरू नये, हा जगभरचा नियम आहे. त्यावर आयएसआय खूणही नव्हती, आणि भारतात विकल्या जाणाऱ्या मोटारींच्या टायरला आयएस 15633 या मानकाची खूण बंधनकारक आहे. नमुना परत पाठवला. पंक्चरच्या दुकानात किंवा जुन्या बाजारात टायर घेणाऱ्यांनी निदान आतून हात फिरवल्याशिवाय पैसे देऊ नयेत, एवढे मला कळकळीने सांगावेसे वाटते.

व्ही श्रेणीच्या टायरबाबत त्याचा युक्तिवाद असा होता की आपण ताशी 240 ने कुठे जाणार आहोत? पुणे रस्त्यावर तर नाहीच. पण गतिश्रेणी ही फक्त वेगाची परवानगी नसते, त्या वेगाला निर्माण होणारी उष्णता टायरची बांधणी किती सहन करते याची ती चाचणी असते. या गाडीचा कमाल वेग 250 असल्यामुळे तिला डब्ल्यू म्हणजे 270 किंवा वाय म्हणजे 300 श्रेणीचाच टायर योग्य. सोलापूरच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, हैदराबाद रस्त्यावर तासभर सलग चालणाऱ्या टायरला उष्णता सोसण्याची अधिकची क्षमता उपयोगी पडतेच. शिवाय आरामदायी वर्गातल्या टायरची नक्षी लवचीक असते, वळणावर ती मुरडते आणि स्टिअरिंगचे उत्तर उशिरा येते. मग स्पोर्ट्स कार घेऊन काय साधले?

याच्या अगदी उलट टोकाला, शर्यतीच्या वर्गाजवळचे अर्धगुळगुळीत टायर होते. कोइम्बतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवेवर एकदा तरी गाडी चालवायची हे त्याचे स्वप्न आहे. ते पूर्ण व्हावे अशी माझीही इच्छा आहे, पण त्यासाठी रोजच्या गाडीला असे टायर घालणे मी नाकारले. त्यांच्यात खाचा कमी असतात आणि आपला रस्ता सप्टेंबरमध्ये पाण्याखाली असतो.

या पाण्याचा विचार थोडा सविस्तर केला पाहिजे, कारण सोलापूरला दुष्काळी म्हणून ओळखणारे लोक पावसाची गोष्ट हसण्यावारी नेतात. इथे पाऊस कमी दिवस पडतो, पण परतीचा पाऊस एका संध्याकाळी कोसळतो आणि महामार्गाच्या उतारावर पाण्याचा पातळ थर साचतो. 1963 साली नासाच्या संशोधकांनी विमानाच्या टायरांवर केलेल्या प्रयोगांतून एक सोपे सूत्र मांडले. साचलेले पाणी बाहेर काढायला टायर असमर्थ ठरला तर तो कोणत्या वेगाला पाण्यावर तरंगू लागेल हे हवेच्या दाबावर ठरते, आणि तो वेग नॉट्समध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत, पीएसआयमधील दाबाच्या वर्गमुळाच्या नऊपट येतो. 33 पीएसआय दाब धरला तर उत्तर ताशी सुमारे 96 किलोमीटर येते. म्हणजे पुणे महामार्गावर आपण नेहमी चालवतो तोच वेग. चांगली, खोल नक्षी पाणी बाजूला सारून तरंगण्याची ही वेळ पुढे ढकलते. 245 मिलिमीटर रुंद टायरला अरुंद टायरपेक्षा अधिक पाणी बाजूला सारावे लागत असल्याने त्याच्या बाबतीत खोल नक्षीची गरज आणखी वाढते. नोव्हेंबरपासून उसाचा हंगाम सुरू होतो, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांच्या चाकांना चिकटलेली काळी माती मोहोळ-टेंभुर्णी पट्ट्यात डांबरावर सांडते आणि तिच्यावर दव पडले तरी रस्ता साबणासारखा होतो, हे इथे रात्री गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

म्हणून निवडीची पहिली कसोटी मी ओल्या रस्त्यावरच्या पकडीची ठेवली. युरोपात मे 2021 पासून लागू असलेल्या टायर-लेबलवर ओल्या पकडीच्या ए ते ई अशा श्रेणी असतात. मधल्या प्रतीच्या त्या टायरला या आकारात ए श्रेणी होती. तेच नाव असलेला टायर वेगवेगळ्या देशांत बनताना मिश्रण बदलू शकते, म्हणून या लेबलला मी पुरावा न मानता संकेत मानतो. बाजूच्या भिंतीवरील अमेरिकी मानांकनात ट्रेडवेअर (झीज) 340, ट्रॅक्शन (पकड) एए आणि टेंपरेचर (उष्णता सोसणे) ए असे होते. ट्रॅक्शनची अक्षरे ओल्या डांबरावर आणि काँक्रीटवर सरळ ब्रेक लावून ठरतात, वळणावरची पकड त्यात मोजलेली नसते. ट्रेडवेअरचा आकडा कंपनी स्वतःच ठरवते, त्यामुळे दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून आयुष्याचा हिशेब करू नये.

पकडीतला फरक पैशांत कसा मोजावा, असे त्याने विचारले. मी त्याला मीटरमध्ये मोजून दाखवला. ताशी 80 वरून थांबताना घर्षणांक, म्हणजे टायर आणि रस्ता यांतल्या पकडीचे माप, 0.8 असेल तर गाडी सुमारे साडेएकतीस मीटरमध्ये थांबते आणि तोच 0.6 वर आला तर बेचाळीस मीटर लागतात. हा साडेदहा मीटरचा फरक म्हणजे या गाडीच्या दोन लांब्यांहून जास्त अंतर. मोहोळजवळचा तो ट्रक त्याला किती जवळ आला होता, हे त्याला आठवत होते.

दुसरी कसोटी भिंतीच्या मजबुतीची होती. बाजूची भिंत 98 मिलिमीटर, म्हणजे पसरलेल्या तळहाताच्या रुंदीएवढी. जलवाहिन्यांसाठी खोदून अर्धवट बुजवलेले रस्ते आणि रंग उडालेले गतिरोधक यांवर एवढ्या बुटक्या टायरला फुगा यायला वेळ लागत नाही. म्हणून 93 भारांकाऐवजी 97 भारांकाचा, अधिक दाब आणि अधिक भार सोसणारा एक्सएल बांधणीचा टायर घ्यायचा ठरला. 93 म्हणजे प्रति टायर 650 किलो आणि 97 म्हणजे 730 किलो. वजनाच्या दृष्टीने पहिलाही पुरला असता, पण खड्ड्यांसाठी दुसरा बरा. सतरा इंची रिम आणि उंच भिंतीचे 245/45 आर 17 टायर हाही एक विचार पुढे आला होता. व्यास जवळजवळ तोच राहतो आणि खड्ड्यांना ते अधिक चांगले तोंड देतात, मात्र चार रिम नव्याने घेण्याचा खर्च अंदाजपत्रकाच्या बाहेर जात होता आणि हा आकार दुकानात सहज मिळत नाही. नाइलाजाने तो सोडला.

तीन आठवडे थांबण्याचा निर्णय

मधल्या प्रतीच्या चार टायरांचे 63,200 रुपये होत होते. अलाइनमेंट, बॅलन्सिंग आणि नवे व्हॉल्व्ह यांचे 3,200 धरले की बेरीज 66,400, म्हणजे ठरवलेल्या रकमेपेक्षा चौदाशे रुपये जास्त. एवढ्यात 3 सप्टेंबर रोजी जीएसटी परिषदेची बैठक झाली आणि टायरवरील कर 22 सप्टेंबरपासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर येणार हे जाहीर झाले. कर दहा टक्क्यांनी उतरला म्हणजे किंमत दहा टक्क्यांनी उतरते असा समज दुकानापर्यंत पोहोचला होता. प्रत्यक्षात 128 रुपयांची वस्तू 118 रुपयांना येते, म्हणजे घट पावणेआठ टक्क्यांची. तरीही 15,800 चा टायर साडेचौदा हजारांच्या आसपास येणार होता.

थांबावे असे मी सांगितले, पण एका अटीवर. तोपर्यंत गाडी कारखान्याच्या शेडमधून हलवायची नाही. पावसाच्या महिन्यात त्या मागच्या टायरांवर गाडी चालवून चार-पाच हजार वाचवणे मला मान्य नव्हते. त्याने ते ऐकले आणि तीन आठवडे वडिलांच्या जुन्या डिझेल गाडीने कामाला जात राहिला.

22 तारखेला घटस्थापना होती. त्याच आठवड्यात अतिवृष्टी झाली, सीनेला पूर आला, लांबोटीजवळ पुणे महामार्गावरची वाहतूक थांबली आणि आमचे टायर पुण्याच्या गोदामात अडकले. नदीकाठच्या गावांची जी दैना झाली तिच्यापुढे चार टायरांचा उशीर काहीच नव्हता, पण त्या पावसात ती गाडी रस्त्यावर नव्हती याचे मला बरे वाटले.

टायर आले तेव्हा दुकानातील अण्णांनी 14,600 रुपये भाव लावला. चारांपैकी दोन टायरांवर 2025 सालची आणि दोनांवर 2022 सालच्या उत्तरार्धातील तारीख होती. जून 2020 मध्ये नव्या टायरांच्या आयातीला परवाना लागू झाल्यानंतर कमी खपाच्या आकारांचा साठा विस्कळीत झाला आणि गोदामात पडून राहिलेला माल असा अधूनमधून बाहेर येतो. गोदामात नीट ठेवलेला टायर तीन वर्षांनी निकामी होत नाही. पण पूर्ण पैसे मोजणाऱ्याने समान तारखेचे चार मागणे हा त्याचा हक्क आहे, आणि अण्णांनीही वाद न घालता तीन दिवसांत दुसरे दोन मागवून दिले.

30 सप्टेंबरला टायर बसवले. दुसऱ्या दिवशी खंडेनवमी असल्याने अलाइनमेंटचे यंत्र पूजेला मांडले जाणार होते, तेव्हा काम त्याच दिवशी संपवणे भाग होते. टायरच्या भिंतीवरील बाहेरची बाजू दाखवणारी अक्षरे चारही चाकांवर बाहेरच आली आहेत ना, हे मी स्वतः फिरून पाहिले, कारण असमान नक्षीचा टायर उलटा बसला तर पाणी काढणाऱ्या खाचा चुकीच्या बाजूला जातात. चाकाचे बोल्ट हवेच्या गनने आवळू दिले नाहीत. हाताने फिरवून, शेवटी टॉर्क पान्याने 120 न्यूटन-मीटरवर आवळले आणि पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासले. चारही चाकांची अलाइनमेंट झाली, त्यात मागच्या चाकांचीही टो ठरलेल्या मर्यादेबाहेर निघाली, ती सुधारली. हवा कमी झाल्याचा इशारा देणारी या गाडीची यंत्रणा चाकांच्या फेऱ्यांची तुलना करून चालते. नवे टायर घातल्यावर तिला नव्याने शिकवावे लागते, ते मेन्यूत जाऊन केले. जुन्या टायरांच्या भिंती अण्णांच्या मुलाने आमच्यासमोर कापल्या. तसे केले नसते तर पॉलिश लावून ते दुसऱ्या कोणाच्या गाडीला लागले असते.

एकूण खर्च 61,600 रुपये आला. उरलेल्या पैशांतून 2,600 रुपयांचा गाडीच्या सॉकेटवर चालणारा हवा भरण्याचा पंप आणि दाबमापक घेतला. पूर्ण आकाराची स्टेपनी नसलेल्या गाडीत ही वस्तू चैनीची नाही. पेट्रोल पंपावरच्या हवेच्या यंत्राचे आकडे सकाळी आणि दुपारी वेगळे येतात अशी त्याची जुनी तक्रार होती. टायरचे तापमान सहा अंशांनी वाढले की दाब साधारण एक पीएसआय वाढतो, म्हणून सकाळी 33 असलेला टायर दुपारी उन्हात 36 दाखवतो आणि तिथे तो 33 वर उतरवून घेणारा माणूस दुसऱ्या दिवशी कमी हवेवर निघतो. आता तो रविवारी सकाळी, गाडी शेडमधून काढण्याआधी दाब पाहतो.

पहिले तीनशे किलोमीटर त्याने सांभाळून चालवली, कारण नव्या टायरच्या पृष्ठभागावर साच्यातून सुटण्यासाठी लावलेल्या पदार्थाचा अंश असतो. मग कोजागरीची तुळजापूरला चालत जाणाऱ्या भाविकांची गर्दी ओसरल्यावर एका पहाटे आम्ही तुळजापूर रस्त्याने निघालो. हिप्परग्याच्या तलावापुढे रस्ता मोकळा होता आणि रात्री पाऊस पडून गेला होता. मागून वाहन नाही असे पाहून त्याने ताशी 60 वरून जोरात ब्रेक दाबला. गाडी सरळ, एका रेषेत थांबली, आणि तो स्टिअरिंगवर हात ठेवून हसत म्हणाला, "सर, मागे कोणी धरून ठेवल्यासारखं वाटलं."

जानेवारीत गड्डा यात्रेच्या आधी तो पुन्हा आला. 3,100 किलोमीटर झाले होते. पुढच्या टायरांची नक्षी 7.4 आणि मागच्यांची 7.7 मिलिमीटर होती, आतली कड आणि बाहेरची कड यांत फरक नव्हता. पुढचे टायर थोडे लवकर झिजणार हे या रचनेत अपेक्षितच आहे. आठ हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे करायचे, असे त्याने डॅशबोर्डच्या कप्प्यातल्या वहीत लिहून ठेवले आहे. त्याखाली दर महिन्याचे चारही टायरांचे आकडे आहेत, तीन-तीन ठिकाणी मोजलेले.